करदाता, बेघर आणि क्रियापद : विधानमंडळीय छाननीची एक भाषिक समीक्षा

१

विधानमंडळाच्या समित्यांचे कामकाज हा राज्यशास्त्राच्या व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा प्रांत होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भाषेच्या अभ्यासकाने तेथे जाऊन काय करावयाचे, असा प्रश्न त्यामुळे सहजच उपस्थित होतो. त्याचे उत्तर असे की, समितीला करदाता किंवा बेघर माणूस प्रत्यक्ष भेटतो तो क्वचित. तिच्यापुढे नित्य येतात ती टिपणे, तक्ते, लेखी उत्तरे आणि अधिकाऱ्यांच्या साक्षी. ज्या वस्तूची छाननी करावयाची ती वस्तू समितीला बहुतांशी भाषेच्या रूपानेच भेटते. शिवाय महाराष्ट्रात आज अधिनियम मुळात मराठीत संमत होतात आणि संविधानाच्या अनुच्छेद ३४८ (३) अन्वये त्यांचा इंग्रजी अनुवाद राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध होतो. तेव्हा विधेयकातील मराठी शब्द हा केवळ सोयीचा पर्याय राहत नाही. तो विधीचा मूळ शब्द ठरतो.

प्रस्तुत लेखात दोन विषयांपुरताच विचार करावयाचा आहे. राज्याने व्यक्तीच्या कमाईवर बसविलेला कर हा एक, आणि निवारा नसलेल्या माणसांविषयीचे धोरण हा दुसरा. हे दोन विषय एकत्र घेण्याचे कारण उघड आहे. ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडून राज्य काही घेते, ते ज्याच्यापाशी नाही त्याच्यासाठी. निदान कराचे नैतिक समर्थन तरी असेच केले जाते. परंतु या दोन व्यवहारांची मराठी वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहिली असता एक विषमता दृष्टीस पडते. घेण्याच्या वाक्याला कर्ता आहे, मुदत आहे, आकडा आहे. देण्याच्या वाक्याला बहुधा कर्ताच नाही. समित्यांची छाननी रकमांशी थांबते आणि या वाक्यरचनेपर्यंत पोहोचत नाही, हे तिचे मुख्य वैगुण्य होय, असे येथे प्रतिपादावयाचे आहे.

२

प्रथम कराच्या नावाचा विचार करू. भारतीय संविधानाने शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर संघसूचीत घातला आणि शेतीच्या उत्पन्नावरील कर राज्यांकडे ठेवला. मराठी प्रशासनात पहिल्यास 'प्राप्तिकर' म्हणतात. हिंदीच्या सान्निध्याने 'आयकर' हा शब्दही आता रुळला आहे. या वाटणीनुसार राज्याला नोकरदाराच्या वेतनावर प्राप्तिकर बसविता येत नाही. तथापि राज्यसूचीच्या ६० व्या नोंदीत व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या यांवरील कर आहे, आणि अनुच्छेद २७६ म्हणतो की, असा कर उत्पन्नावरील कराशी संबंधित आहे एवढ्याच कारणाने तो अवैध ठरणार नाही. भाषेच्या दृष्टीने हे कलम मोठे मनोज्ञ आहे. वस्तू एकच असू शकते हे विधी मान्य करतो आणि नाव निराळे आहे म्हणून तिला निराळी मानतो. मग दोन्हींतील भेद तत्त्वाने नव्हे तर मर्यादेने राखला जातो. ही मर्यादा मुळात वर्षाला २५० रुपये होती; १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली आणि आजतागायत तेथेच आहे.

महाराष्ट्राने या अधिकाराचा उपयोग १९७५ च्या अधिनियमाने केला. 'व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या' हे चार शब्द अर्थाच्या दृष्टीने परस्परांपासून पुरते अलग नाहीत. 'आजीविका' या शब्दाच्या पोटात उरलेले तिन्ही सहज मावतात. विधीची भाषा अशी शब्दसंपत्ती उधळते ती अलंकारासाठी नव्हे. कोणी निसटू नये म्हणून ती जाळ्याची वीण घट्ट करीत असते. आपल्याकडे या कराला पूर्वजही आहे. मराठी राज्याच्या महसुली कागदपत्रांत कारागीर व दुकानदार यांवर 'मोहतर्फा' नावाची पट्टी आढळते. हा शब्द अरबी मुळाचा असून त्याचा संबंध हुन्नराशी, हस्तव्यवसायाशी आहे. म्हणजे माणूस काय मिळवितो यापेक्षा तो काय करतो, यावरून त्याला कराच्या कक्षेत आणण्याची रीत या भूमीला नवी नाही.

आज या कराचे रूप प्रत्येक पगारदाराला पाठ असते. महिना दहा हजारांहून अधिक वेतन असलेल्याच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून संविधानाची २,५०० ची मर्यादा रुपयाचीही कसर न ठेवता गाठली जाते. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना यातून सूट आहे. यात संदिग्धता अशी कोठेही नाही. कोणी द्यावयाचा, कोणी कापून घ्यावयाचा, कोठे भरावयाचा आणि न भरल्यास काय, हे सारे विधीने कर्त्यासह सांगितले आहे.

३

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. 'बेघर' हा समास नसून उपसर्गघटित शब्द आहे. त्याचा 'बे' फारसीतून आला आणि 'घर' संस्कृत 'गृह' या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आला. असा संकर मराठीस परका नाही. पण अभावदर्शक उपसर्गाने सिद्ध झालेल्या शब्दाचा अर्थ ज्याचा अभाव सांगावयाचा त्या पदार्थाच्या व्याख्येवर अवलंबून असतो. घर म्हणजे काय हे ठरल्यावाचून बेघर कोण हे ठरत नाही. मराठी बोलीत घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. 'घर बसले', 'घर मोडले', 'घरचे काय म्हणतात' या प्रयोगांत घर म्हणजे कुटुंब. त्याखाली बिऱ्हाड, खोली, खोप, झोपडी, पाल अशी उतरंड आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो तेव्हा घर नसलेल्याला आपण बिऱ्हाड तरी देतो. शासनाची भाषा इतकी उदार नाही.

जनगणनेची व्याख्या पाहा. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री जी कुटुंबे जनगणना-घरात नसून रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या वा मंडपाच्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर होती, त्यांची गणना बेघरांत झाली. देशात अशी माणसे १७ लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक निघाली. येथे 'घर' हे स्थलवाचक आहे: त्या रात्री तो कोठे निजला होता, एवढाच प्रश्न. त्याला तेथून कोणी उठवू शकतो काय, हा प्रश्न या व्याख्येत नाही.

झोपडपट्टीविषयक विधीत मात्र घर कालवाचक बनते. १९७१ च्या अधिनियमात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनुसार झोपडी अमुक तारखेपूर्वीची असेल तर तिच्यात राहणारा संरक्षित ठरतो. १ जानेवारी २००० ही तारीख, आणि सशुल्क पुनर्वसनासाठी १ जानेवारी २०११, हीच येथे घराची सीमारेषा. भिंती तशाच असतात, दार तेच असते. तारखेच्या अलीकडे घर आणि पलीकडे अतिक्रमण. १९५९ च्या भीक मागण्यास प्रतिबंध करणाऱ्या मुंबई अधिनियमात तर दृश्य उपजीविकेचे साधन नसताना सार्वजनिक जागी अशा स्थितीत भटकणारा की ज्यावरून तो भिक्षेवर जगत असावा असे वाटावे, अशा माणसाचाही समावेश भिकाऱ्याच्या व्याख्येत होतो. दिल्लीला लागू केलेल्या याच अधिनियमातील अनेक तरतुदी २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या. एकच माणूस एकाच रात्री एका विधीत बेघर, दुसऱ्यात अतिक्रमक आणि तिसऱ्यात भिकारी असू शकतो. आणि या तिन्ही संज्ञांची उत्तरे विधानमंडळात निरनिराळे विभाग देतात.

पनवेलसारख्या गावी हा संज्ञाभेद पुस्तकी राहत नाही. १८५२ पासून नगरपालिका असलेल्या या शहराची १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली; खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल ही सिडकोची उपनगरे आणि आसपासची २९ गावे तिच्यात आली. २०११ च्या गणनेने या क्षेत्राची लोकसंख्या पाच लाखांहून अधिक भरते. या परिसरात विमानतळासाठी गावे उठलेला 'प्रकल्पग्रस्त' आहे, दुसऱ्याच्या जमिनीवरील वाडीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा आणि हंगामात वीटभट्टीवर जाणारा कातकरी आहे, नाक्यावर सकाळी कामासाठी उभा राहून रात्री पुलाखाली निजणारा मजूर आहे. पहिल्यास घराचा मोबदला मिळतो, दुसऱ्यास घर असून जमीन नसते, तिसऱ्यास दोन्ही नसतात. बोलीत या तिघांनाही 'घर ना दार' असे म्हणता येईल. शासकीय मराठीत तिघांसाठी तीन शब्द, तीन विभाग आणि तीन फायली आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नगरपालिकेच्या कराचे रूढ नावच मुळी 'घरपट्टी'. महानगरपालिका झाल्यावर सिडको वसाहतींतील मालमत्ता कराचा वाद पनवेलात मोठा गाजला. घर असलेल्याला आपले गाऱ्हाणे मांडावयास पावती होती, थकबाकी होती, संघटना होती. ज्याला घर नाही त्याला घरपट्टीही नाही, आणि म्हणून पालिकेच्या दप्तरात वाद घालण्यापुरतीही जागा नाही.

४

नामांकडून आता क्रियापदांकडे जावयाचे आहे. कराच्या विधीतील वाक्यांचा साचा असा असतो: प्रत्येक व्यक्ती कर देण्यास दायी असेल, नियोक्ता तो वेतनातून कापून घेईल. यात कर्ता प्रथमेत ठळक उभा आहे. निवाऱ्याविषयीच्या शासकीय गद्यात मात्र '–ण्यात येणे' या रचनेचे साम्राज्य आहे. निवारा उपलब्ध करून देण्यात येईल. सर्वेक्षण करण्यात येत आहे. उचित कार्यवाही करण्यात यावी. व्याकरणदृष्ट्या या रचनेत निर्दोषपणे कर्त्याचा लोप होतो. मराठीत 'कडून' लावून कर्ता आणता येतो, पण आणावाच लागतो असे नाही. आणि जे ऐच्छिक ते शासकीय लेखनात वगळले जाते. 'कार्यवाही सुरू आहे' या वाक्यात तर क्रिया हीच कर्ता झाली आहे. कार्यवाही आपोआप चालू असते, तिला कोणी चालविणारा नसतो आणि तिला शेवटही नसतो.

समित्यांच्या प्रश्नोत्तरांत याच रचनेची देवघेव चालते, असे खेदाने म्हणावे लागते. लोकलेखा समिती खर्च मंजुरीप्रमाणे झाला की नाही हे पाहते. अंदाज समिती काटकसरीचा व कार्यक्षमतेचा विचार करते. आश्वासन समिती मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करते. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु 'देण्यात येईल' असे उत्तर आले आणि समितीने 'देण्यात यावे' अशी शिफारस केली, तर एका निनावी भविष्यकाळाला निनावी विध्यर्थाने उत्तर दिल्यासारखे होते. दोन्ही वाक्यांत निवारा द्यावयाचा कोणी, हे अनुत्तरितच राहते.

येथे एक आक्षेप संभवतो. मार्गदर्शक सूचनांत आकडे असतात की, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. २०१३ साली आखलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या सूचनांत दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांसाठी कायम निवारा आणि दर माणशी किमान ५० चौरस फूट जागा, असे प्रमाण होते. त्या मापाने पनवेलच्या पाच लाखांना पाचशे माणसांची सोय लागते. परंतु हे प्रमाण लोकसंख्येवरून काढले आहे, माणसावरून नव्हे. ५०१ वा माणूस दाराशी आला तर त्याला उत्तर देण्यास कोण बांधलेला आहे, हे त्या आकड्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मानले आणि तरीही पावसाळ्यानंतर पदपथावरील झोपड्या हटविण्यास मुभा ठेवली. हक्क मान्य झाला, पण त्याच्या समोर उभे राहावयाचे कर्तव्य कोणाचे हे वाक्य विधीत अलिखितच राहिले.

५

असे वाक्य मराठीत लिहिताच येत नाही काय? येते, आणि ते याच महाराष्ट्राच्या विधानमंडळाने लिहून दाखविले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ साली राज्यभर सुरू झाली. ती भयंकर दुष्काळाची वेळ होती. तिच्या खर्चासाठी १९७५ साली जे कर बसविले गेले त्यांत व्यवसाय कर प्रमुख होता. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यातील मूळ विधानाचा आशय असा की, अंगमेहनतीचे अकुशल काम करावयास तयार असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला काम मिळण्याचा हक्क आहे. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास तिला बेकारी भत्ता द्यावयाचा होता, आणि जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर होती.

या विधानाचे व्याकरण करविधीच्या तोडीचे आहे. हक्क असलेली व्यक्ती चतुर्थीत आहे, कर्तव्य असलेला अधिकारी नामनिर्दिष्ट आहे, मुदत दिवसांत आहे आणि चुकीची किंमत पैशांत आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, कराचे वाक्य आणि हक्काचे वाक्य एका निधीच्या नावाने जोडले गेले. करांच्या वसुलीइतकाच वाटा शासनानेही त्यात घालावयाचा होता. विधानमंडळाने या योजनेसाठी स्वतंत्र समितीही ठेवली, आणि रोजगार हमी योजना समितीचे जिल्हादौरे हा महाराष्ट्रातील प्रशासनाचा परिचित अनुभव आहे. छाननी धारदार होते ती सदस्य अधिक बुद्धिमान असतात म्हणून नव्हे. त्यांच्या हातात प्रश्न विचारता येईल असे वाक्य असते, म्हणून ती तशी होते. मागणी कधी आली? पंधरा दिवस कधी संपले? भत्ता दिला काय? या तीन प्रश्नांना 'कार्यवाही सुरू आहे' हे उत्तर पुरत नाही.

मात्र या विधीलाही सीमा होती. तो ग्रामीण भागासाठी आणि 'क' वर्ग नगरपालिकांसाठी होता. शहरातील नोकरदाराने कर द्यावा आणि खेड्यातील मजुराला काम मिळावे, ही त्यामागील योजना न्याय्यच होती. पण तोच मजूर गाव सोडून मोठ्या शहराच्या हद्दीत आला की, हक्क मागे राहतो. ज्या कराने त्याच्या हमीचा खर्च भागवावयाचा तो कर शहरात गोळा होतो, आणि त्या शहरात तो स्वतः 'शहरी बेघर' या निराळ्या संज्ञेखाली निराळ्या विभागाकडे जातो. तेथे त्याच्यासाठी हक्काचे वाक्य नाही, केवळ प्रमाणाचा आकडा आहे.

६

एकाच विधानमंडळाकडे उत्पन्नावरील कर आणि बेघरांचे धोरण ही दोन्ही असली म्हणजे काय होते, हे पाहावयास स्कॉटलंडचे उदाहरण उपयोगी पडते. तेथील संसदेला २०१६ च्या अधिनियमाने वेतनादी उत्पन्नावरील कराचे दर व टप्पे ठरविण्याचा अधिकार मिळाला आणि २०१७ पासून ती तो वापरीत आली आहे. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा मात्र लंडनकडेच राहिली. तेथे बेघराची व्याख्या स्थलवाचक नसून हक्कवाचक आहे. राहण्याचा अधिकार असलेली जागा ज्याच्यापाशी नाही, किंवा असूनही जेथे राहणे रास्त ठरत नाही, तो बेघर. २००३ च्या अधिनियमाने दिलेल्या दिशेनुसार, कोणाची गरज अग्रक्रमाची हे पाहण्याची अट २०१२ अखेर काढून टाकण्यात आली, आणि अनिच्छेने बेघर झालेल्या प्रत्येकाला कायम निवारा देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरले. वाक्याला कर्ता मिळाला.

याचा अर्थ तेथे सारे क्षेम आहे असा नव्हे. मे २०२४ मध्ये तेथील शासनाने घरांच्या बाबतीत राष्ट्रीय आणीबाणी असल्याचे मान्य केले. कर्ता असलेले वाक्यही मोडले जाऊ शकते, आणि शब्दांनी घरे बांधली जात नाहीत. परंतु दोन्ही स्थितींतील अंतर नीट पारखले पाहिजे. जेथे कर्तव्य लिहिलेले आहे तेथे अपयशाला अपयश म्हणता येते. समिती विचारू शकते की, इतका कर वाढविला, इतकी माणसे दाराशी आली, त्यांतील इतक्यांना नाकारले ते कोणी. जेथे ते लिहिलेले नाही तेथे अपयश घडतच नाही. तेथे केवळ कार्यवाही सुरू असते.

महाराष्ट्राच्या विधानमंडळाने परकीय विधीचे अनुकरण करावे, असे येथे सुचवावयाचे नाही. १९७७ चा आपलाच पाठ त्यासाठी पुरेसा आहे. बेघरांविषयीचे कोणतेही विधेयक किंवा अहवाल समितीपुढे येईल तेव्हा सदस्यांनी तक्त्याआधी व्याख्याखंड उघडावा आणि चार गोष्टी पाहाव्यात: येथे घर म्हणजे काय मानले आहे, तीच व्यक्ती दुसऱ्या विधीत कोणत्या नावाने ओळखली जाते, देण्याच्या क्रियापदाला कर्ता आहे काय, आणि मुदत दिवसांत सांगितली आहे काय. यांतील एकही प्रश्न तज्ज्ञाचा नाही. शाळेतील व्याकरणाच्या पुस्तकाएवढेच ज्ञान त्यास लागते.

आपल्या विभागांतूनही याबाबतीत काही करण्याजोगे आहे. शासकीय मराठीचा अभ्यास आपण आजवर बहुधा पारिभाषिक शब्दांच्या शुद्धाशुद्धतेपुरता केला. भाषा संचालनालयाच्या कोशांवरील आपली चर्चाही शब्द संस्कृतप्रचुर की सुबोध एवढ्यापाशी घोटाळत राहिली. वाक्यरचनेचा, विशेषतः कर्तृलोपाचा, अभ्यास झाला पाहिजे आणि तो राजपत्रे, समित्यांचे अहवाल व पालिकांचे ठराव यांच्या आधारे झाला पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या नगरपालिकेच्या एका वर्षाच्या ठरावांतील '–ण्यात येणे' या रचनेची मोजणी करून, ती वसुलीच्या ठरावांत किती आणि साहाय्याच्या ठरावांत किती आढळते एवढे जरी दाखविले, तरी प्रस्तुत लेखातील प्रतिपादनाची कसोटी लागेल. ते प्रतिपादन खोटे ठरले तर त्यासारखा आनंद नाही. कारण मग पुलाखाली निजणाऱ्या माणसाचे नाव कोणत्या तरी वाक्यात चतुर्थीत सापडले असेल.